झाडीच्या रंगभूमीवरील कपडेपट आणि रंगसाहित्य



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'कपडेपट' एवढेच उत्तर दिले. पलीकडून थोडा वेळ कोणी बोलेना. मग एक गृहस्थ हळूच म्हणाले, "कपडेपटावर तासभर बोलण्यासारखे असते काय?" त्यांची शंका अगदीच अनाठायी होती असे नाही. नाटकावर व्याख्यान म्हटले की नाटककार, नट, गायक, फार तर पेटीवादक आणि तबलजी यांची आठवण निघते. ज्याने राजाला मुकुट दिला आणि भिकाऱ्याला कटोरा दिला, त्याचे नाव हँडबिलाच्या अगदी तळाशी, छापखान्याच्या नावाच्या किंचित वर असते. पुष्कळदा तेथेही नसते. आमच्या आयुष्यातील बराच काळ अशाच एका गावमंडळाच्या कपडेपटाची पेटी सांभाळण्यात गेला. तेव्हा आज आम्ही जे बोलणार आहोत ते रंगमंचाच्या पुढून पाहणाऱ्याचे बोलणे नव्हे. विंगेत कंदील घेऊन बसणाऱ्याचे बोलणे आहे.

झाडीपट्टी म्हणजे काय हे चंद्रपूरच्या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. पण हे भाषण पुढे पुस्तकात छापले जाणार आहे, आणि पुस्तक कोणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो. म्हणून दोन वाक्ये सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचा, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा, जंगलाचा आणि धानाचा मुलूख तो झाडीपट्टी. यातला गडचिरोली 1982 साली जुन्या चांदा जिल्ह्यातून निघाला. धान निघाले, मळणी उरकली, हाती चार पैसे आले की भाऊबीजेपासून येथे मंडई भरू लागतात, पुढे शंकरपट भरतात, आणि ज्या गावी दिवसा मंडई किंवा पट, त्या गावी रात्री नाटक! हा क्रम होळीपर्यंत चालतो. बैलांच्या शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, 2021 च्या अखेरीस महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली, आणि 2023 साली घटनापीठाने ती कायम केली. मधल्या काळात पट थांबले, तरी नाटक थांबले नाही. गोंदिया-चांदा फोर्ट रेल्वेमार्गावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाटकांचे ठाणे. हंगामात तेथे पाचपन्नास मंडळ्यांच्या पाट्या लागतात, आणि गावोगावचे लोक तेथे येऊन नाटक ठरवून जातात, जसे आपण बाजारात जाऊन बैलजोडी ठरवावी. गुरनोलीचे श्री. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या पुष्कळ लोकांना या रंगभूमीचे नाव पहिल्यांदा कळले. असो. उशिरा का होईना, कळले.

आता मूळ विषयाकडे वळू. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वस्त्रे, अलंकार, रंग आणि वस्तू यांनी जो अभिनय होतो तो आहार्य. लक्षात घ्या, मुनींनी याला 'सजावट' म्हटले नाही, अभिनय म्हटले! नट जसा बोलून अभिनय करतो तसा त्याचा शेला अभिनय करतो, असा याचा सरळ अर्थ. पुढे त्यांनी या आहार्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सज्जीव असे चार भाग पाडले. पुस्त म्हणजे आपण ज्याला नाटकाची 'प्रॉपर्टी' म्हणतो ते: रथ, ढाल, पर्वत, विमान. या वस्तू खऱ्या असू नयेत, असे ते बजावतात. लोखंडाचे शस्त्र हाती दिले तर नट दमेल. म्हणून बांबू, कापड, लाख, मेण, अभ्रक अशा हलक्या पदार्थांची वस्तू करावी. हे वाचताना आम्हांस नेहमी वाटते की भरतमुनींनी आमच्या झाडीचे जंगल पाहूनच ही यादी केली असावी. बांबू आमचा, पळसावरची लाख आमची. हा अर्थात आमचा गावाभिमान आहे; त्याला संशोधन समजू नये.

याच ग्रंथात जर्जराची कथा आहे. पहिल्या नाटकात विघ्ने आली, नटांची वाचा आणि स्मृती गोठली, तेव्हा इंद्राने आपला ध्वजदंड उचलून विघ्नांना झोडपून जर्जर केले. तो दंड तेव्हापासून रंगभूमीचा रक्षक झाला, आणि तो बांबूचा असावा असा दंडक पडला. म्हणजे आपल्या रंगभूमीची सर्वांत जुनी 'प्रॉपर्टी' एक वेळूची काठी आहे! पण ही काठी फुकट मिळत नसते हे आम्हांस ठाऊक आहे. नाटकाचा मांडव घालायचा तर बांबू हवा, आणि जंगलातील बांबूवर वनखात्याचा अधिकार. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला 2011 साल उजाडले. तोपर्यंत गावच्या नाटकाला बांबू आणताना मंडळाच्या अध्यक्षाला इंद्राइतके धैर्य लागत असे, हे आम्ही पाहिले आहे.

मराठी नाटकाचा इतिहास सांगलीहून, 1843 सालच्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून सांगतात. त्या काळच्या राक्षसांच्या लाकडी तलवारी, रंगवलेली तोंडे आणि त्यांची ती 'अललडुर्र' आरोळी यांची पुढे पुष्कळ थट्टा झाली. त्याच्या दुसऱ्या टोकाला 1913 साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी. तेथे भरजरी शालू, उंची गालिचे, अत्तराचा घमघमाट. बालगंधर्वांचे नेसणे पाहून घरंदाज स्त्रिया आपले नेसणे बदलू लागल्या. कंपनी कर्जात बुडाली, पण शालू खोटा आणला नाही. हे वैभव थोर खरेच. पण त्यामुळे आपल्या मनात एक समजूत रुतून बसली, की चांगला कपडेपट म्हणजे महाग कपडेपट. ही समजूत आम्हांस मान्य नाही. मॉस्कोच्या कलानाट्यगृहाने 1898 साली पहिल्या नाटकासाठी जुन्या बाजारांतून खरी जुनी वस्त्रे आणि भांडी गोळा केली होती. तेथे हेतू श्रीमंतीचा नव्हता, खरेपणाचा होता. उलट चिनी नट हातात नुसता गोंडे लावलेला चाबूक घेतो आणि आपल्याला अख्खा घोडा दिसतो. आणि 1949 साली बर्लिनला ब्रेख्टच्या नाटकात हेलेने वायगेल या नटीने एक गाडी ओढली. एक साधी, फेरीवालीची गाडी. नाटक पुढे सरकते तशी ओढणारी माणसे कमी होत जातात, आणि अखेरीस ती एकटीच गाडीला जुंपून घेते. आमच्याकडच्या बैलगाडीवाल्याला हे नाटक भाषा न कळताही कळले असते.

झाडीत कपडेपट आला कोठून? वडशाच्या मंडळ्या पुढे झाल्या. त्याआधी नाटक गावाचेच असे. दंडारीत गावचेच पुरुष लुगडी नेसून स्त्रिया होत. खड्या गमतीत तर रंगमंचही नाही, उभ्या उभ्या सारा खेळ. मग पौराणिक आणि ऐतिहासिक संगीत नाटके आली, आणि गावकरी धोतर सोडून सुरवारीत शिरले. नाटकासाठी मुकुट, जिरेटोप, केसांचे टोप भाड्याने आणावे लागत. बाकी सारे घरातून. राजाचा शेला म्हणजे पाटलाच्या लग्नातला कोशाचा पंचा. आरमोरी-नागभीडकडे कोसा विणला जातो, तेव्हा जंगलाच्या गावात एक वेळ मीठ नसेल पण एखाद्या पेटीत कोसा निघे. राणीचा शालू सुनेच्या माहेरचा. तांब्या देवघरातला, तलवार दसऱ्याला पुजायची, पलंग गुरुजींचा. आमच्या आठवणीत एका नाटकाच्या वेळी गुरुजी तीन दिवस जमिनीवर निजले.

या उसनवारीत एक गोष्ट घडत असे, आणि ती आम्ही पुढे कोठे पाहिली नाही. प्रेक्षकांत बसलेल्या बाईला रंगमंचावरचा शालू ओळखू येत असे. "तो माझा आहे" असे ती शेजारणीच्या कानात सांगे. राणीवर संकट आले की तिचा जीव दुहेरी कासावीस होई: एकदा राणीसाठी आणि एकदा शालूसाठी. आम्हांस तर वाटते की गावाचे नाटक गावाचे होते ते एवढ्याचसाठी. वर्गणी दिल्याने नाटक आपले होत नाही. आपला तांब्या त्यात असावा लागतो.

आता उजेडाबद्दल थोडे सांगतो, कारण कपडेपट उजेडावाचून आंधळा आहे. आमच्या बालपणी गॅसबत्त्या होत्या. त्या फसफसत, मध्येच काळवंडत, आणि एक माणूस दर अंकात येऊन त्यांना पंप मारून जाई. तो आला की रामरावणही क्षणभर थांबत. त्या पिवळसर उजेडात निळे लुगडे काळे दिसे, आणि तांबड्याला फार तेज येई. म्हणून जुन्या कपडेपटात तांबडे आणि जरीचे एवढे कपडे असत. ती रसिकतेची उणीव नव्हती, डोळस हिशेब होता. तोंडाला सफेदा, पिवडी, हिंगूळ, डोळ्यांत काजळ. जुन्या लोकनाट्यांत मुर्दाडशिंग फासत, ज्यात शिसे असते. हिंगुळात पारा असतो. जन्मभर तो रंग लावणाऱ्यांच्या कातडीचे काय झाले असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पुढे वीज आली, जनरेटर आला, प्रखर दिवे आले, आणि जुना भडक रंग एकाएकी हास्यास्पद दिसू लागला. हजारोंच्या गर्दीत शेवटच्या रांगेला तोंड दिसावे म्हणून जे भडक केले होते, ते पहिल्या रांगेला आता सोंग वाटू लागले. नट बदलले नव्हते, दिवा बदलला होता.

वस्तूंच्या फजित्या पुष्कळ आहेत, एकच सांगतो. नाटकात पत्र येणे हा नटांना मोठा आधार असतो, कारण न पाठ झालेले भाषण त्या पत्रावर लिहून ठेवता येते. आमच्या एका नायकाने असेच संपूर्ण दुसऱ्या अंकाचे भाषण पत्रावर लिहून घेतले होते. गर्दीत आम्ही त्याच्या हाती दिले ते किराणा दुकानाचे देणे. तो पट्ठ्या डगमगला नाही. "प्रिये, तुझ्या पित्याचे पत्र आले आहे," असे म्हणून त्याने ते घडी घालून खिशात ठेवले, आणि प्रॉम्प्टरच्या आवाजाकडे कान लावून अंक तडीस नेला. नंतर विंगेत येऊन त्याने आम्हांस जे ऐकवले ते या व्यासपीठावरून सांगण्याजोगे नाही.

आता एक प्रसंग सांगतो, ज्याच्यासाठी खरे तर आम्ही हा विषय निवडला.

झाडीत पौराणिकाची जागा सामाजिक नाटकाने घेतली त्याला बरीच वर्षे झाली. हुंडा, दारू, सावकारी, शेतकऱ्याची आत्महत्या असे विषय आले. राजमुकुट गेला आणि त्याच्या जागी मंगळसूत्र आले. आमच्या मंडळाच्या एका नाटकात दारुडा नवरा बायकोच्या गळ्यातले मंगळसूत्र हिसकावून तोडतो आणि गुत्त्याकडे जातो, असा प्रसंग होता. त्यासाठी कच्च्या दोऱ्यात ओवलेले खोटे मंगळसूत्र आम्ही पेटीत ठेवत असू. एका गावी पेटी उघडली तर ते नाही. आदल्या मुक्कामी राहिले. चूक आमची, दुसऱ्या कोणाची नाही. रात्रीचे साडेदहा वाजलेले, दुकाने बंद. आम्ही बायकांच्या बाजूला जाऊन विनवणी केली. ज्या बायांनी शालू दिला, पातेली दिली, तान्हे मूलही पाळण्याच्या प्रसंगाला द्यायला तयार होत्या, त्यांतली एकही हात गळ्याकडे नेईना. आम्ही पुन्हा पुन्हा सांगितले की तुटणार नाही, नुसते काढून घेतील. तरी नाही. आम्हांस राग आला, आणि पुढे त्या रागाची लाजही वाटली.

मग मागून एक म्हातारी उठली. घरी गेली. परत आली तेव्हा लुगड्याच्या पदरात काही बांधलेले. गाठ सोडून तिने आमच्या हातावर ठेवले. काळे मणी, दोन वाट्या, दोरा जुनाट. तिच्या कपाळाकडे पाहिले तेव्हा आम्हांस उलगडले. "ने, बापू," ती म्हणाली, "याले आता तुटाचा भेव नाही."

प्रयोग सुरू झाला. तो प्रसंग आला. नवऱ्याचे काम करणाऱ्या गड्याला आम्ही आत हकिकत सांगितली होती; ती सांगावी की नाही हे आम्हांस आजही ठरवता येत नाही. त्याने नटीच्या गळ्यात हात घातला, आणि हिसका मारायच्या वेळी त्याचा हात थबकला. मग त्याने दोन्ही हातांनी, मागे जाऊन, हळूहळू ते उतरवले; जसे झोपलेल्या माणसाच्या अंगावरचे काढून घ्यावे. नाटककाराने लिहिले होते त्याच्या अगदी उलट. पण दारूसाठी इतक्या सावकाश, इतक्या जपून मंगळसूत्र काढणारा नवरा हिसकावणाऱ्यापेक्षा किती भयंकर दिसतो, हे त्या रात्री साऱ्या मांडवाने पाहिले. टाळी पडली नाही. बायकांच्या बाजूने एक हुंदका आला, मग पुष्कळ आले. त्यानंतर आमच्या मंडळाने तो प्रसंग कायमचा तसाच केला, तोडणे गेले.

सकाळी आम्ही मंगळसूत्र परत द्यायला गेलो. म्हातारी धान पाखडत होती. तिने ते घेतले, मणी मोजले, आणि "नाटक बरं होतं" एवढेच म्हणाली.

दुसरी एक गोष्ट वेशाची. सामाजिक नाटकाच्या शेवटच्या अंकात इन्स्पेक्टर यायचाच, त्याशिवाय खलनायकाला बेड्या कोण घालणार? शहरात खाकी म्हणजे पोलीस. जंगलाच्या गावात खाकी म्हणजे आधी फॉरेस्ट गार्ड, मग पोलीस. आणि 1980 नंतरच्या दशकांत गडचिरोलीच्या पुष्कळ गावांनी खऱ्या बंदुका दोन्ही बाजूंच्या पाहिल्या. तेथे आमच्या सुताराने केलेली, काळा रंग दिलेली लाकडी बंदूक कोणाला खेळणे वाटत नसे. एका आडगावी तेथल्या वडीलधाऱ्यांनी आम्हांस बाजूला घेऊन सांगितले, "नाटक करा जी, पण बंदूक नका दाखवू." आम्ही इन्स्पेक्टरला साध्या कपड्यांत आणले आणि त्याची खाकी टोपी नुसती खुर्चीवर ठेवली. सारा अंक ती टोपी तेथे होती. लोकांचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. बोलणाऱ्या नटांकडे कोणी पाहत होते की नाही, देव जाणे. वस्तूचा अर्थ आपण पेटीत घालून नेत नसतो, तो त्या गावात आधीच असतो, हे आम्ही तेथे शिकलो. तीच टोपी येथे चंद्रपुरात खुर्चीवर ठेवली असती तर कोणी तरी ती उचलून बाजूला ठेवली असती आणि तेथे बसले असते!

आता आजची स्थिती. वडशाच्या मंडळ्यांचा कपडेपट, सीनसीनरी, दिवे, ध्वनी हे सारे आता नीट बांधलेल्या धंद्याप्रमाणे चालते, आणि ते चालावे. हंगामात रोज नवे गाव. त्यात उसना शालू मागत हिंडणे शक्य नाही. त्यावर नट, वादक, दिवेवाले, स्वयंपाकी अशा कितीतरी घरांची चूल पेटते. 2020 साली टाळेबंदी आली आणि पुढचा हंगाम विस्कटला, तेव्हा ही चूल किती नाजूक आहे हे दिसले. म्हणून 'गेले ते दिन' असे रडगाणे आम्ही गाणार नाही. पण हाताने रंगवलेल्या पडद्याच्या जागी छापील फ्लेक्स आला, त्याबद्दल तक्रार केल्याशिवाय राहवत नाही. जुन्या पडद्यावरचा राजवाडा वाकडा होता, खांब एका बाजूला कललेले होते. पण तो कापडाचा होता, वारा आला की हलत असे, दिव्याचा उजेड त्यात मुरत असे. फ्लेक्स उजेड परत फेकतो. त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या नटीचा चेहरा मागच्या छापील बंगल्यापुढे फिका पडतो. बल्लारपुरात कागदाची गिरणी, जिल्हाभर बुरुडांची घरे, हातात कला असलेले सुतार. आणि आमच्या नाटकातला बंगला मात्र दुकानातून छापून आणायचा! चंद्रपूरचे सागवान 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेले. त्याचा आनंद आहे. आमच्या मांडवाला सागवान नकोच. बुरुडाच्या तट्ट्या पुरेत.

एक विनंती मात्र चालकांपाशी आणि आपणांपाशी आहे. ज्या घरांत नाटकाच्या जुन्या पेट्या माळ्यावर पडल्या आहेत, त्या उघडून पाहाव्यात. टोप वाळवीने खाल्ले असतील, जरी काळी पडली असेल, ते फेकले तरी चालेल. पण पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बहुधा खडूने किंवा शाईने एक यादी लिहिलेली असते: कोणती वस्तू, कोणाच्या घरची, परत केली की नाही. ती यादी उतरवून घ्यावी. गावच्या नाटकाचा दुसरा इतिहास बहुतेक ठिकाणी लिहिलेला नाही.

आमच्या पेटीच्या झाकणावरच्या यादीत शेवटून तिसरी नोंद अशी आहे: 'पितळी समई, 1, देवळातली, परत नाही.' ती समई आम्ही पुष्कळ शोधली. ज्या गावची ती, त्यांनी कधी मागितली नाही, उलट दरसाल हंगामात त्यांचा माणूस भेटला की तो हसून विचारी, "आमची समई अजून नाटकात काम करते ना?" आम्ही होय म्हणत असू.